आधी आत्यांशी बोला, मग ट्रंकेला हात लावा

वाचकाचं पत्र

माझी आत्या ८६ वर्षांची आहे. तिच्या लोखंडी ट्रंकेत घरातले तीनेकशे जुने फोटो आहेत. काही सुटे, काही काळ्या पानांच्या अल्बममध्ये, काही चिकट पानांच्या प्लास्टिकवाल्या अल्बममध्ये. शिवाय डझनभर काचेच्या निगेटिव्ह, फिल्मच्या निगेटिव्हचा एक डबा (उघडला की व्हिनेगरसारखा वास येतो), पत्रांचे गठ्ठे, आजोबांचं एक पदक आणि बाबांचं तान्हेपणीचं झबलं. आजी-आजोबांचा मोठा फोटो फ्रेमच्या काचेलाच चिकटून बसलाय. एका ग्रंथालयाच्या स्थानिक इतिहास विभागाला हे सगळं हवं आहे आणि आत्याही द्यायला तयार आहे. देण्याआधी सगळं स्वच्छ करावं, अल्बममधून काढावं आणि वर्षांप्रमाणे लावावं, असं मी ठरवलंय. चुलतभावंडांना मात्र काही मूळ फोटो घरातच हवेत. सुरुवात कुठून करू?

उत्तर

तुम्ही ठरवलेल्या तीन गोष्टी, म्हणजे स्वच्छ करणं, अल्बममधून काढणं आणि वर्षांप्रमाणे लावणं, यांतली एकही तूर्त करू नका. चांगल्या मनाने केलेल्या या तीन कामांनी घरगुती संग्रहांचं जेवढं नुकसान होतं, तेवढं कसरीनेही होत नाही. सुरुवात आत्यांपासून करा. कोरड्या जागी ठेवलेला कृष्णधवल फोटो आणखी पन्नास वर्षं सहज टिकेल. पण त्यात मागच्या रांगेत डावीकडून तिसरी कोण उभी आहे, हे फक्त आत्यांना माहीत आहे. ग्रंथालयासाठी नावाशिवायचा फोटो आणि नावासकटचा फोटो यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

मात्र आत्यांसमोर बसण्याआधी अर्ध्या तासाचं एक काम उरका. ट्रंक उघडा आणि कशालाही हात न लावता वरून मोबाइलने फोटो घ्या. मग एकेक थर उचलत जा आणि प्रत्येक थराचा फोटो घ्या. कोणता गठ्ठा कशावर होता, कोणतं पत्र कोणत्या पाकिटात होतं, कोणता सुटा फोटो कोणत्या अल्बममध्ये खोचला होता, हे सगळं त्यात दिसलं पाहिजे. अभिलेखागारात याला मूळ क्रम म्हणतात आणि तो जपणं हा तिथल्या पायाभूत नियमांपैकी एक असतो. एका गठ्ठ्यातल्या बारा फोटोंपैकी एकावर गावाचं नाव लिहिलेलं असेल, तर उरलेल्या अकरांचा अंदाज त्यावरून बांधता येतो. तुम्ही ते वर्षांप्रमाणे लावले की तो धागा तुटतो आणि पुन्हा जोडता येत नाही. वर्षांप्रमाणे क्रम हवाच असेल तर तो यादीत लावा. यादी हवी तशी फिरवता येते.

ट्रंकेत डांबरगोळ्या असतील तर त्या मात्र लगेच काढा. त्यांची वाफ फिल्मवर आणि प्लास्टिकवर बसते, काही प्लास्टिक त्याने मऊही पडतं. रबरबँड काढा. रबरातल्या गंधकामुळे फोटोतली चांदी काळवंडते. टाचण्या, क्लिपा आणि स्टेपल सहज निघत असतील तरच काढा. गंजून कागदात रुतलेली टाचणी ओढू नका. जुन्या सेलोटेपलाही हात लावू नका. तिचा चिकटा कागदात मुरलेला असतो आणि टेप ओढली की फोटोचा थर सोबत येतो.

आता आत्यांकडे येऊ. मूळ फोटो त्यांच्या हातात देण्याऐवजी आधी स्कॅन करा किंवा मोबाइलने साधे फोटो घ्या आणि टॅबलेटवर किंवा मोठ्या छापील प्रतीवर दाखवा. ८६ वर्षांच्या डोळ्यांना सहा सेंटिमीटरच्या फोटोतला चेहरा दिसत नाही. तोच चेहरा हाताच्या पंजाएवढा केला की नाव चटकन आठवतं. एका बैठकीत दहा ते पंधरा फोटो पुरेत आणि बैठक पाऊण तासापलीकडे नको. त्या थकल्या की नावांची सरमिसळ होऊ लागते आणि कोणतं उत्तर थकव्यातलं होतं हे तुम्हाला नंतर कळणार नाही.

मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करा. प्रत्येक फोटो दाखवताना त्याचा क्रमांक मोठ्याने उच्चारा, नाहीतर दोन महिन्यांनी रेकॉर्डिंग ऐकताना ‘ही बघ, ही आमची शेजारीण’ यातली ‘ही’ कुठली ते उमगणार नाही. प्रश्न उघडा ठेवा. ‘हे मोठे काकाच ना?’ असं विचारलं की माणसं बहुधा हो म्हणतात. त्याऐवजी ‘हे कोण?’ विचारा आणि थांबा. मग विचारा: फोटो कुणी काढला? हे घर कुणाचं? घरातलं कोण या फोटोत नाही आणि का नाही? हातात काय धरलंय? मागे जी इमारत दिसते तिथे आता काय आहे? या शेवटच्या प्रश्नाची उत्तरं ग्रंथालयाच्या फार कामाची असतात. स्थानिक इतिहास विभागाला स्टुडिओत बसून काढलेल्या नेटक्या फोटोंइतकीच, कधी त्याहून जास्त, ओढ असते ती दुकानाच्या फळीची, रस्त्याची, विहिरीवरच्या गर्दीची, कामावरच्या माणसांची. त्यामुळे हललेले, तिरके, अर्धवट कापले गेलेले फोटो ‘खराब’ म्हणून वगळू नका. फोटोची पार्श्वभूमी कुणी मुद्दाम जमवलेली नसते, म्हणूनच ती विश्वासाची असते.

नोंदीसाठी साधं स्प्रेडशीट पुरे. क्रमांक, फोटोत काय आहे, नावं, ठिकाण, काळ, ही माहिती कुणी व कधी सांगितली, मागे लिहिलेला मजकूर जसाच्या तसा, स्टुडिओचा शिक्का, आकार सेंटिमीटरमध्ये, अवस्था, आणि कशाशी संबंध आहे. नावं नेहमी रांगेप्रमाणे आणि बघणाऱ्याच्या डावीकडून लिहा: ‘बसलेली रांग, डावीकडून’. ‘आजी’, ‘काका’ असं नुसतं लिहू नका. कुणाची आजी? पूर्ण नाव, बाईचं माहेरचं आणि सासरचं दोन्ही, आणि आत्यांशी नातं लिहा. प्रत्येक नावापुढे ‘नक्की’ किंवा ‘बहुधा’ लिहा. वर्ष माहीत नसेल तर पट्टा द्या आणि आधार द्या: ‘१९५२ ते १९५४, कारण मांडीवरचं बाळ धाकटा भाऊ आहे आणि तो चालत नाही’. तुमचा अंदाज चुकला तरी आधार लिहिलेला असेल तर पुढच्या माणसाला तो दुरुस्त करता येतो.

काळ ठरवायला फोटो स्वतःही मदत करतो. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, साधारण ६ × १० सेंटिमीटरचा छोटा फोटो १९व्या शतकाच्या उत्तरार्धातला असण्याची शक्यता मोठी. हा आकार पॅरिसचे छायाचित्रकार दिस्देरी यांनी १८५४मध्ये पेटंट केला आणि तो जगभर पसरला. त्याचाच मोठा भाऊ, साधारण ११ × १६.५ सेंटिमीटरचा पुठ्ठा, १८६०च्या दशकात आला. तपकिरी-पिवळसर, अगदी पातळ कागदावरचा आणि पुठ्ठ्यावर डकवलेला फोटो बहुधा अंड्याच्या बलकाभोवतीच्या पांढऱ्या भागापासून केलेल्या अल्ब्युमिन कागदाचा असतो. पोस्टकार्डवर छापलेला फोटो असेल आणि मागची बाजू रेघेने दुभागलेली असेल, तर तो १९०२ नंतरचा. ब्रिटनमध्ये तशी कार्डं त्या वर्षी सुरू झाली, इतर देशांत पुढच्या काही वर्षांत. मागची बाजू प्लास्टिकसारखी गुळगुळीत लागत असेल, तर १९६०च्या दशकाच्या अखेरीच्या आधीचा तो छाप नाही. मात्र जुन्या निगेटिव्हवरून नंतर काढलेली प्रत असू शकते, म्हणून छापाचा काळ आणि प्रसंगाचा काळ वेगवेगळे लिहा.

फोटोवर क्रमांक घालायचा तर मागच्या बाजूला, कडेला, टेबलावर सपाट ठेवून, मऊ २बी पेन्सिलने, न दाबता. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो आणि शाई वर ठेवलेल्या दुसऱ्या फोटोवर उतरते. गुळगुळीत मागच्या बाजूवर पेन्सिल उठत नाही. तिथे फोटोवर काही न लिहिता पाकिटावर लिहा, आणि तेही फोटो आत घालण्याआधी. क्रमांक सरळ ठेवा: ट्रंकेचा थर, गठ्ठा, गठ्ठ्यातला फोटो. स्कॅनच्या फाइलचं नावही तोच क्रमांक. फाइलच्या नावात वर्णन कोंबायचा मोह आवरा, वर्णनाची जागा यादीत आहे.

स्कॅनिंगचा क्रम तुम्हाला उलटा वाटेल, पण आधी रंगीत फोटो आणि व्हिनेगरचा वास येणाऱ्या निगेटिव्ह घ्या, सर्वांत जुने कृष्णधवल फोटो शेवटी. कृष्णधवल फोटोत चांदी असते आणि नीट धुतलेला छाप दीर्घायुषी असतो. रंगीत छापात रंगद्रव्यं असतात आणि ती अंधारातही विघटतात. १९६०-७०च्या दशकांतल्या छापांत निळसर रंग आधी जातो, म्हणून ते फोटो लालसर झालेले दिसतात. अल्बम बंद होता म्हणून ते वाचले, असं होत नाही.

सपाट काचेचा स्कॅनर वापरा. कागद आत ओढून घेणारं यंत्र अजिबात नको. ६०० पीपीआय (म्हणजे दर इंचाला ६०० बिंदू), २४ बिट रंगीत, टिफ फाइल (चित्रातला तपशील न गमावता साठवणारा प्रकार). कृष्णधवल फोटोही रंगीत म्हणूनच स्कॅन करा, कारण पिवळेपणा, डाग आणि शाईचा रंग हीसुद्धा माहिती आहे. १० × १५ सेंटिमीटरच्या फोटोची फाइल साधारण २५ एमबी होते. तीनशे फोटो म्हणजे साडेसात जीबी, आजच्या हिशेबाने काहीच नाही. सहा-सात सेंटिमीटरच्या छोट्या फोटोंना १२०० पीपीआय द्या. ३५ मिलिमीटरच्या निगेटिव्हला ३००० ते ४०००. स्कॅनरमधली आपोआप धूळ पुसण्याची सोय कृष्णधवल चांदीच्या निगेटिव्हसाठी बंद ठेवा. ती अवरक्त किरणांवर चालते, चांदी ते किरण अडवते आणि यंत्र चेहऱ्यालाच धूळ समजून खोडू लागतं. धार वाढवणं, रंग सुधारणं हेही बंद. सुधारायचं ते नंतर प्रतीवर करा, मूळ टिफ तशीच ठेवा. आणि मागची बाजूही स्कॅन करा, कोरी नसेल तर न चुकता. फाइलींच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या घरात.

व्हिनेगरच्या वासाचा डबा आजच वेगळा काढा. हा वास म्हणजे ॲसिटेट फिल्मचा पाया कुजतोय. त्यातून ॲसेटिक आम्ल निघतं, ते आम्ल कुजणं आणखी वेगाने घडवतं आणि शेजारच्या चांगल्या फिल्मलाही लागतं. घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा तो वेग वाढवतो. निगेटिव्ह कागदी पाकिटांत घालून हवेशीर, थंड जागी आणि इतर सगळ्यांपासून दूर ठेवा. एकदा सुरू झालेलं हे कुजणं परतवता येत नाही, पण थंडीने खूप मंदावतं. म्हणून ग्रंथालयं अशा फिल्म गोठवून ठेवतात. फिल्म आखडून, सुरकुतून वरचा थर सुटू लागण्याआधी स्कॅन झालं पाहिजे. तुमचा घाईचा विषय हाच.

त्याच डब्यात एक गोष्ट बघा. फिल्मच्या कडेला ‘सेफ्टी’ हा इंग्रजी शब्द छापलेला आहे का? असेल तर ॲसिटेट. नसेल आणि फिल्म १९५१च्या आधीची असेल, पिवळट झालेली, चिकट किंवा उग्र वासाची असेल, तर ती नायट्रेट असू शकते. नायट्रेट अतिशय ज्वालाग्राही असते, एकदा पेटली की पाण्याखालीही जळत राहते. तुकडा जाळून बघायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. गरम दिव्याच्या पेटीवर ठेवू नका, टपालाने पाठवू नका. ग्रंथालयाला आधी फोनवर सांगा आणि ते म्हणतील तसं करा. सगळी ग्रंथालयं नायट्रेट घेत नाहीत.

काचेच्या निगेटिव्ह हाताळताना मऊ, पावडर नसलेले नायट्राइलचे (एक प्रकारचं कृत्रिम रबर) हातमोजे घाला. सुती मोजे काचेवर घसरतात. दोन समोरासमोरच्या कडांना, दोन्ही हातांनी धरा. चकचकीत बाजू काचेची, मॅट बाजू चित्राची. मॅट बाजूला कशाचाही स्पर्श नको, मऊ कापडाचाही नाही. प्रत्येक काच स्वतंत्र कागदी पाकिटात घालून लांब कडेवर उभी ठेवा, बशा उभ्या करतो तशी, आणि पाकिटांमध्ये पुठ्ठा घाला म्हणजे त्या हलणार नाहीत. आडव्या एकावर एक रचल्या तर खालच्या काचा वजनाने फुटतात. फुटलेली काच मात्र उभी करायची नाही. तुकडे एकमेकांना घासणार नाहीत अशा बेताने पुठ्ठ्यावर आडवे ठेवा, वर दुसरा पुठ्ठा, आणि टेप लावू नका. काचा बारा म्हणजे खोका जड होणार, त्यावर ‘काच’ आणि ‘जड’ हे दोन शब्द मोठ्या अक्षरांत लिहा.

काळ्या पानांचा अल्बम अख्खा ठेवा. त्याची मांडणी कुणीतरी विचार करून केली आहे. कोणता फोटो कुणाशेजारी, कोणत्या पानावर रिकामी कोपऱ्यांची चौकट उरलीय, पांढऱ्या शाईत खाली काय लिहिलंय, हे सगळं मिळून तो एक दस्तऐवज होतो. पानापानाचा वरून कॅमेऱ्याने फोटो घ्या. अल्बम स्कॅनरवर पालथा दाबला की पाठीचा कणा तुटतो. दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत प्रकाश द्या म्हणजे चकाकी येत नाही. पानांमध्ये पातळ आम्लमुक्त कागद घालायचा तर थोडाच. जास्त घातला की अल्बम फुगतो आणि शिवण उसवते.

चिकट पानांच्या अल्बमबद्दल आमचं मत वेगळं आहे. तो फोटोंना मारतो. त्याचा चिकटा काळाबरोबर पिवळा आणि घट्ट होतो, वरचं प्लास्टिक पुष्कळदा पीव्हीसीचं असतं आणि त्यातून निघणारे पदार्थ छापाला लागतात. आधी प्रत्येक पान आहे तसं टिपून ठेवा. मग एखादा बिनमहत्त्वाचा, ज्याची दुसरी प्रत आहे असा फोटो घेऊन बघा. दातांच्या फटी साफ करायचा, मेण न लावलेला दोरा (डेंटल फ्लॉस) फोटोच्या कोपऱ्याखालून घालून करवतीसारखा हळूहळू पुढे न्या. वाकायचं ते पानाने, फोटोने नाही. दोरा अडला की थांबा. हेअर ड्रायरची उष्णता देऊ नका, ज्या थरात चित्र असतं ते जिलेटीन मऊ होतं आणि फोटो वळतो. जे निघत नाहीत त्यांच्याभोवतीचं पान कापून फोटो पानासकट द्या. पाठीमागेही चिकट फोटो असतील, त्यामुळे कापण्याआधी पान उलटून बघा.

फ्रेममधला आजी-आजोबांचा फोटो काचेपासून सोडवू नका. पाणी नको, वाफ नको, सुरी नको. दमट हवेत जिलेटीन मऊ झालं आणि काचेला डकलं, आता ते काचेला फोटोच्या कागदापेक्षा जास्त घट्ट धरून आहे. ओढलंत तर चेहरे काचेवर राहतील आणि हातात पांढरा कागद येईल. फक्त फ्रेम आणि मागची लाकडी फळी किंवा पुठ्ठा काढा, काच आणि फोटो जोडीने राहू द्या, तसाच काचेतून स्कॅन करा. सोडवायचं की नाही हे ग्रंथालयातला फोटोसंवर्धक ठरवेल, पुष्कळदा तोही नको म्हणतो.

स्वच्छतेबद्दल एवढंच: मऊ, कोरड्या, रुंद ब्रशने मधून कडेकडे धूळ उडवा. थर सुटत असेल तर तेही नको. काळ्या भागावर आरशासारखी निळसर चमक दिसली तर ती चांदी पृष्ठभागावर आलेली असते, पुसून जाणार नाही, फोटो मात्र जाईल. पांढरी-हिरवी बुरशी ओली किंवा केसाळ दिसत असेल तर तो फोटो वेगळ्या कागदी पाकिटात काढा, मास्क लावा, आणि जागा कोरडी करण्यावर लक्ष द्या. कोरडी झालेली बुरशी संवर्धकाला काढता येते. ओली असताना पुसली की ती जिलेटीनमध्ये चोळली जाते. कसर दिसली तर औषध फवारू नका. तिला जिलेटीन आणि खळ दोन्ही आवडतात, पण ती जगते ओलाव्यावर.

ग्रंथालयाकडे जाईपर्यंतचे काही महिने सगळं ट्रंकेबाहेर, कोरड्या कपाटात ठेवा. बाहेरच्या भिंतीला टेकलेलं, न्हाणीघराच्या नळांखालचं किंवा छपरालगतचं कपाट टाळा, आणि सगळ्यांत खालचा कप्पा जमिनीपासून १५ सेंटिमीटर तरी वर हवा. तापमान १८ ते २० अंश, आर्द्रता ३० ते ५० टक्के हे आदर्श. घरात ते पाळणं अवघड आहे, पण आर्द्रता ६५च्या वर टिकू देऊ नका, तिथून बुरशी सुरू होते. छोटा आर्द्रतामापक कपाटात ठेवला की अंदाज करावा लागत नाही.

पाकिटं विकत घेणार असाल तर ‘आम्लमुक्त’ एवढ्या शब्दावर जाऊ नका. फोटोंसाठी वेगळी चाचणी असते, आयएसओ १८९१६, आणि ती पार केलेला कागद मागा. पारदर्शक हवं तर पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीन. नव्या पडद्यासारखा वास येणारं मऊ प्लास्टिक पीव्हीसी असतं, ते नको. सगळं चित्रच निळ्या छटेत असलेले जुने फोटो (सायनोटाइप) असतील तर अल्कधर्मी केलेला कागद वापरू नका, ती निळाई अल्काने फिकट होते. पण खरं सांगायचं तर महागडी पाकिटं घेण्यात तुम्ही शक्ती घालवू नये. ग्रंथालय सगळं पुन्हा आपल्या पाकिटांत घालणारच आहे.

पत्रं पाकिटासकट द्या, तिकीट कापून काढू नका. टपालाच्या शिक्क्यावरची तारीख कित्येकदा पत्रात नसते. घड्या कडक झाल्या असतील तर जबरदस्तीने उलगडू नका. वर्तमानपत्रांची कात्रणं मात्र फोटोंपासून वेगळी करा, त्यांचा आम्लधर्मी कागद शेजारच्या छापावर तपकिरी सावली पाडतो. कात्रण होतं तिथे क्रमांकाची चिठ्ठी ठेवा. लॅमिनेशन कशालाच नको, ते उलटवता येत नाही. पदक घासून चमकवू नका. लोकर, फेल्ट आणि रबर यांपासून दूर, मूळ डबीत ठेवा आणि रिबीन काढू नका. झबलं धुऊ नका, खळ किंवा इस्त्री नको. घडीत आम्लमुक्त पातळ कागदाच्या मऊ गुंडाळ्या भरा म्हणजे घडीवर धागे तुटत नाहीत. बाबांनी ते घातलेला फोटो ट्रंकेत असेल तर दोघांचे क्रमांक एकमेकांच्या नोंदीत लिहा. वस्त्र ठेवायची सोय पुष्कळ ग्रंथालयांकडे नसते. अशा वेळी ते संग्रहालयाला सुचवतील, पण जोडी कागदावर टिकेल.

आता देण्याचं. ट्रंक आत्यांची आहे, तेव्हा दानपत्रावर सही त्यांची हवी, आणि मजकूर समजावून झाल्यावर हवी. सही करण्याआधी ग्रंथालयाला विचारा: संग्रह एकाच नावाने एकत्र राहील का? जे ते ठेवणार नाहीत ते परत देणार की काढून टाकणार? अल्बम अख्खे राहतील का? सूची किती काळात होईल? जिवंत माणसांचे आणि लहान मुलांचे फोटो ऑनलाइन टाकतील का? खाजगी पत्रं काही वर्षं बंद ठेवता येतील का? याची ‘हो’ किंवा ‘नाही’ तोंडी घेऊ नका, दानपत्रात लिहून घ्या. पत्रं अमुक वर्षांपर्यंत बंद, असं ठोस वर्ष लिहा. ‘कुटुंबाच्या परवानगीशिवाय नाही’ असं लिहिलंत तर तीस वर्षांनी परवानगी कुणाची घ्यायची हे कुणालाच कळत नाही आणि कागद कायमचे कुलुपात जातात.

फोटोचा मालक असणं आणि त्याचा स्वामित्वहक्क असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घरच्या कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोंचे हक्क बहुधा काढणाऱ्याकडे किंवा त्याच्या वारसांकडे असतात, ते तुम्ही ग्रंथालयाला देऊ शकता किंवा वापरायची परवानगी देऊ शकता. स्टुडिओच्या फोटोंबाबत देशादेशाचा कायदा वेगळा आहे. शिक्का असेल तसा नोंदवा आणि निर्णय ग्रंथालयावर सोडा. ‘कायमस्वरूपी उसने’ असा मधला मार्ग सुचवू नका. बहुतेक संस्था तो टाळतात, कारण कधीही परत जाऊ शकणाऱ्या वस्तूवर संवर्धनाचा खर्च करता येत नाही.

चुलतभावंडांची मागणी रास्त आहे, आणि तिचा तोडगा चांगल्या छापील प्रती. टिफवरून काढलेली प्रत आताच्या मूळ फोटोपेक्षा भिंतीवर जास्त खुलते आणि उजेडात उडाली तर पुन्हा काढता येते. मूळ फोटो भिंतीवर लावणं हीच त्याला सर्वांत लवकर संपवण्याची रीत आहे. तरीही एखाद्या मूळ फोटोवर कुणी अडूनच बसलं, तर वाद घालत बसू नका. त्याचा पुढून-मागून स्कॅन संग्रहात द्या आणि यादीत लिहा, ‘मूळ प्रत कुटुंबाकडे’, कुणाकडे तेही. चारदोन फोटोंनी संग्रह अपुरा राहत नाही. वाटे पाडून दहा घरांत गेला, तर मात्र संग्रह म्हणून तो उरत नाही. ही बोलणी ग्रंथालयात जाण्याआधी, आत्यांच्या समोर उरका. देऊन झाल्यावर परत मागणं सगळ्यांनाच जड जातं.

काही फोटो आत्यांनाही ओळखता येणार नाहीत. ते बाजूला टाकू नका, त्यांच्या नोंदीत नावाच्या जागी ‘आत्यांना ओळखता आलं नाही’ असं तारखेसह लिहा, म्हणजे पुढे कुणी तोच प्रश्न पहिल्यापासून सोडवत बसणार नाही. तीन-चार महिन्यांनी तेवढेच फोटो पुन्हा त्यांच्यापुढे ठेवा, या वेळी शेजारी त्यांच्या वयाचं दुसरं कुणीतरी बसवून. रेकॉर्डर आधी सुरू करा. दोघं बोलायला लागली की सुरू करायचं भान राहत नाही.